चेक ‘ओर्झ’ आपल्या ‘अर्वन्’चा लेक की भाऊ?

वेदाभिमानी: जुन्या चेक भाषेत घोड्याला ‘ओर्झ’ म्हणतात. हा सरळसरळ संस्कृत ‘अर्वन्’चा, म्हणजे घोड्याचाच, अपभ्रंश. म्हणजे घोड्याचं नाव तिकडे आपल्याकडूनच गेलं.

शब्दवेडा: राहवलं नाही म्हणून लिहितोय. अर्वन् ऋग्वेदात आहे, कबूल. पण नातं असलंच तर ते भावंडांचं. अपभ्रंश म्हणायला संस्कृत बोहेमियात, म्हणजे चेक मुलखात, बोलत कोण होतं? आणि ‘घोड्याला ओर्झ म्हणतात’ हेही अर्धवट. रोजचा घोडा ‘कून्य’. ओर्झ म्हणजे सरदाराचा लढाईचा घोडा, आता कवितेत नि परीकथेत उरलेला. आपला वारू तसाच. ‘वारूला चंदी घातली’ असं कोण म्हणतं?

जर्मनप्रेमी: शेजारी बघा की! मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘ओर्स’ आहे, आजचा ‘रॉस’. बोहेमियाच्या सरदारांनी तिथूनच उचलला.

शब्दवेडा: मग ‘स’ कुठे गेला? चेक शब्दातलं शेवटचं अक्षर मऊ ‘र’पासून झालंय, ‘र्स’पासून नाही. शिवाय जुन्या रशियनमध्येही ‘ओर’ आहे.

ब्र्नोकर: आधी ‘ओर्झ’ लिहिणं थांबवा! र आणि झ एकामागून एक नाहीत, एकाच दमात आहेत. तिकडे ब्र्नो शहरात बेकरीत तीन रोहलीक (लांबट पाव) मागताना मी ‘त्र्झि’ म्हणायचो आणि बाई दरवेळी तीन बोटं वर करून खात्री करायच्या. दोन वर्षं!

वेदाभिमानी: विषय भरकटवू नका. संस्कृतचं नाव काढलं की तुमच्या पोटात दुखतं.

शब्दवेडा: पोटात दुखतं ते असल्या बेफाम विधानांनी. तुम्ही स्वतः ‘घोडा’ म्हणता ना? तो ‘घोटक’वरून आलाय आणि घोटक ऋग्वेदात नाही. अश्व आपल्याच बोलण्यातून गेला. लिथुआनियनमध्ये घोडीला ‘अश्वा’ होता, चेक, रशियन वगैरे स्लाव भाषांत तेवढाही टिकला नाही.

टांगेवाल्याचा नातू: अगदी खरं. आजोबांच्या तोंडी घोडी, शिंगरू, तट्टू, लगाम, तोबरा. तोबरा चढवताना ते घोडीच्या कानामागे खाजवायचे, तेव्हा कुठे ती मान खाली घालायची. अश्व मी शाळेत पहिल्यांदा ऐकला. घरचे शब्द गावंढळ म्हणून वर्गात हसायचे, त्याचा राग अजून आहे.

वेदाभिमानी: गावंढळ मी म्हटलेलं नाही.

टांगेवाल्याचा नातू: म्हटलं नाहीत. पण शब्द संस्कृतातून आला तरच मोठा, असं तुमची पोस्ट म्हणते.

वेदाभिमानी: बरं, ‘अपभ्रंश’ मागे घेतो. नातं नाही हे मात्र कुणीच दाखवलेलं नाही.

शब्दवेडा: नाही असं म्हटलंय कुणी? भावंडं म्हणालो. वर वाचा.