पगार चालू असताना कर्जाचे हप्ते थांबवले, ते चुकलं का?

माळ्यावरचा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बुटांचं एक खोकं निघालं. आत ऑक्सिमीटर, त्यातले सेल पाझरून पांढरा थर आलेला, आणि एक चाळीस पानी वही. वहीच्या एका बाजूने बाबांच्या ऑक्सिजनचे आकडे (९७, ९६, ९६, ९५, 'चालून ९२'), उलट्या बाजूने माझा बँकेचा हिशोब. दोन्ही २०२० चे. वही उघडली आणि घरात जुना वाद पुन्हा पेटला, म्हणून इथे टाकतोय.

२७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, मग मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. मी चाकणला नोकरीला. पगार बंद झाला नव्हता, तीस टक्के कापून येत होता. ओढूनताणून हप्ता भरता आला असता. तरी मी घरकर्जाचे सहाच्या सहा हप्ते थांबवले. मार्चचा कापला गेला होता, तोसुद्धा अर्ज करून परत मिळवला. हे पैसे वेगळ्या बचत खात्यात टाकले आणि त्याचं कार्ड बायकोकडे दिलं.

ऑगस्टमध्ये बाबांना रात्री साडेअकराला दवाखान्यात न्यावं लागलं. विमा होता, पण मंजुरी सकाळी येणार आणि काउंटरवर अनामत आत्ता हवी, एक लाख. ती याच खात्यातून गेली. साथीच्या काळात घराच्या हातात पैसा हवा, त्यापायी कर्ज थोडं वाढलं तरी चालेल, असं माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. मेहुणे मात्र म्हणतात, पगार येत असताना हप्ता थांबवणं हा शुद्ध आळस.

पुन्हा तशी वेळ येऊ नये, पण आलीच तर तुम्ही काय कराल?

निवृत्त_लेजर

मेहुण्यांचा पत्ता द्या, पेढे पाठवतो.

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली ११ कर्जविभागात. तेव्हा रोज दहा जण विचारायचे, "साहेब, सरकारने हप्ते माफ केले ना?" माफ काहीही नव्हतं, व्याज चालूच होतं. २५ लाख शिल्लक, ८ टक्के दर, १५ वर्षं बाकी असं खातं घ्या. हप्ता येतो २३,८९१ रुपये, त्यात पहिल्या महिन्याला १६,६६७ नुसतं व्याज. सहा महिने थांबलात की २५ लाखांचे २६ लाख १,६८२ होतात. पुढे हप्ता तोच ठेवलात तर १८० हप्त्यांच्या जागी १९५ भरावे लागतात. सहा चुकवले आणि पंधरा वाढवून घेतले! साडेतीन लाख रुपये झाले हे.

पैसे वेगळ्या खात्यात ठेवले म्हणता, छान. माझ्यासमोर ज्यांनी अर्ज केले त्यातल्या एकाने गच्चीवर पत्र्याची शेड घातली आणि एकाने मोठा टीव्ही आणला. सल्ला चार लोकांना द्यायचा तर तो चार लोक काय करतात हे बघून द्यावा.

माळ्यावरचा

काका, गणित बरोबर पण अर्धंच. साडेतीन लाख कुणाला पडतात? जो सहा हप्ते खर्च करून टाकतो आणि पुढे पंधरा वर्षं त्याकडे वळूनही बघत नाही, त्याला. तुमचंच उदाहरण घेतो. सहा हप्ते मिळून १,४३,३४६ रुपये बाजूला राहिले. सप्टेंबरला ते एकदम कर्जात भरले, तर शिल्लक राहते २४,५८,३३६. नेमाने हप्ते भरणाऱ्याची राहिली असती २४,५५,९२४. फरक फक्त २,४१२ रुपये, त्यातही बचत खात्याचं व्याज वजा करा. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर दंड नसतो. सहा महिने दीड लाख हाताशी ठेवायचं भाडं अडीच हजारांच्या आत. एवढ्या स्वस्तात त्या काळात कुणी उसने दिले असते?

माझं भरणं विम्याचे पैसे उशिरा आल्याने नोव्हेंबरात झालं. तरी साडेचार हजारांच्या पुढे गेलं नाही.

चाळिशी_पार

घरकर्जाला हे ठीक आहे. क्रेडिट कार्डाचं बिलही तेव्हा थांबवता येत होतं आणि मी ते शहाणपण केलं. तिथे व्याज वर्षाला ३६ टक्क्यांच्या पुढे. जूनमध्ये डोळे उघडले तेव्हा पीएफमधून पैसे काढून कार्ड फेडलं. तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, किंवा जमेच्या ७५ टक्के, यातली कमी असेल ती रक्कम मिळत होती आणि ती परत भरायची नव्हती.

निवृत्त_लेजर

@चाळिशी_पार, कार्ड फेडायला काढलात, माफ. पण तेव्हा साडेआठ टक्के करमुक्त व्याज देणारा पीएफ मोडून साडेसात टक्क्यांचं घरकर्ज फेडणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांना काय म्हणावं!

@माळ्यावरचा, २,४१२ चा आकडा कागदावर मांडून बघतो. लगेच कबूल करत नाही.

नियम_व_अटी

विम्याचं काम करतो, त्यामुळे माझं बोलणं धंद्याचं वाटलं तर वाटू दे. रोकड की हप्ता हा वाद दोघांचाही भरकटलाय. दीड लाखाने काय होतं? आयसीयूत दहा दिवस काढले की संपले. पॉलिसी घेताना जी ओळ कुणी वाचत नाही, खरा खड्डा तिथे असतो. पुष्कळ जुन्या पॉलिसींत खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का इतकंच मान्य असतं. तीन लाखांची पॉलिसी म्हणजे रोजचे तीन हजार. तुम्ही सहा हजारांची खोली घेतलीत की कंपनी फक्त भाड्यातले तीन हजार कापत नाही, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च हेही त्याच प्रमाणात कापते, म्हणजे निम्मे. लोक बिल हातात आल्यावर माझ्यावर ओरडतात. पीपीई किट आणि हातमोजे तर कित्येक पॉलिसींत धरलेच जात नव्हते. म्हणून जुलै २०२० मध्ये कोरोना कवच आली, त्यात ते धरले होते.

आणि अनामत मागितली म्हणून मुकाट भरायची नसते. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी दवाखान्यांतल्या ८० टक्के खाटांना दर ठरवून दिले होते. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. महात्मा फुले योजनाही त्याच महिन्यात पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना खुली झाली. किती जणांनी काउंटरवर विचारलं?

माळ्यावरचा

भाऊ, दर मला पाठ होते. बाबा खुर्चीत बसून धापा टाकत होते आणि काउंटरवरची मुलगी म्हणत होती, दराच्या खाटा भरल्या आहेत. तिथे शासन निर्णय काढून वाचायचा होता का मी? नंतर बिलाची तक्रार केली आणि पीपीईचे काही पैसे परतही मिळाले. पण तो नंतरचा मामला. त्या रात्री चालला तो बँकेतला पैसा.

रात्रपाळी

परिचारिका आहे, २०२० आणि २१ दोन्ही लाटा कोविड वॉर्डात काढल्या. मला या धाग्याचा थोडा रागच आला आहे.

दादा, तुमच्या बाबांना कशाने वाचवलं ते तुमच्याच पहिल्या परिच्छेदात आहे आणि तुम्ही ते कंसात टाकून पुढे गेलात. 'चालून ९२.' बसल्या जागी ९५ म्हणजे सगळं ठीक समजून आणखी दोन दिवस घरी ठेवलेले पेशंट आमच्याकडे ७८ वर यायचे, हसत, फोनवर बोलत. त्यांना धापसुद्धा लागलेली नसायची. तुमच्या घरात कुणीतरी त्यांना चालवून बघितलं.

हाताशी पैसा असला की माणूस काय करतो तेही मी पाहिलंय. तापाच्या दुसऱ्याच दिवशी सीटी स्कॅन. रेमडेसिविरसाठी तीन जिल्हे पालथे, काळ्या बाजारात दहापट किंमत. जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल रुग्णांना ते देऊ नका असं म्हटलं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेलं प्रिस्क्रिप्शन बघून पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड. ऑक्सिजन लागत असलेल्यांना त्याचा फायदा होतो, ज्यांना लागत नाही त्यांना होत नाही, हे जून २०२० मध्येच कळलं होतं. साखर असलेल्यांनी घरी भरमसाट घेतलं आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे पेशंट आले. डोळा काढावा लागलेले दोघे माझ्या वॉर्डात होते.

तेव्हा घरासाठी सल्ला लिहायचाच असेल तर वहीपासून सुरुवात करा. बोट गरम हवं, नखाला मेंदी किंवा रंग नको, पाच मिनिटं शांत बसून आकडा स्थिर झाल्यावर लिहायचा, दिवसातून तीनदा, वेळ घालून. बसून ठीक असेल आणि दम लागत नसेल तर घरातच सहा मिनिटं चालायचं, साठीच्या पुढच्यांनी तीन. तीन-चारने उतरला, किंवा बसूनच ९४ च्या खाली आला, की डॉक्टरांना फोन. रात्र असली तरी.

चाळिशी_पार

ताई, सगळं मान्य, पण त्या यंत्राने आमची झोप उडवली होती. आई दर दहा मिनिटांनी बोट घालायची. एकदा ८६ दाखवलं, रात्री तीनला अँब्युलन्स बोलावली. बोट गार होतं, बाकी काही नाही.

रात्रपाळी

म्हणून तर वही आणि वेळ. दर दहा मिनिटांनी वजन केलं तर वजनकाटाही वेड लावेल.

तीन_आसनी

वाचतोय मघापासून. तुमच्याकडे हप्ता भरायला पैसे होते आणि तुम्ही भरले नाहीत, यावर तुमचा वाद. मजा आहे.

माझे वडील रिक्षा चालवायचे. २०२० च्या पाडव्याला लॉकडाऊन लागला, त्या दिवशी घरात २,३०० रुपये. आईची भिशी होती, दहा बायका, महिन्याला दोन-दोन हजार. आईची पाळी जूनची. एप्रिलमध्ये चौघींनी हात वर केले आणि भिशीच मोडली. रिक्षाचं कर्ज एका खासगी कंपनीचं. हप्ते थांबवता येतात हे त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही, वसुलीचा पोरगा मात्र मे महिन्यात दारात. मीच मोबाईलवर बातमी दाखवली तेव्हा गेला. त्याचाही पगार थकला होता असं जाताना म्हणाला.

शेवटी आईच्या पाटल्या गहाण. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा बँकांना दिली, पण आम्ही मे महिन्यातच सराफाकडे महिना दोन टक्क्यांनी ठेवून मोकळे. तीन महिने थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण थांबणार कशावर? तांदूळ रेशनचा आला, माणशी पाच किलो. पुढच्या वर्षी परवानाधारकांना सरकारचे १,५०० आले, त्यात गॅस आणि किराणा.

लेजर काका, तुमच्या शिस्तीला माझा विरोध नाही. पण शिस्तीलाही काहीतरी शिल्लक लागते.

निवृत्त_लेजर

@तीन_आसनी, तुझ्यासारख्यांसाठीच ती सवलत होती. तुला कुणी सांगितली नाही आणि गरज नसलेल्यांनी पहिल्या दिवशी अर्ज केले, माझा सगळा त्रागा यावर आहे. गंमत बघ, नंतर सरकारने व्याजावरचं व्याज परत दिलं, दोन कोटींच्या आतल्या कर्जांना. एकही हप्ता न चुकवलेल्या माझ्या खात्यातसुद्धा नोव्हेंबरात पैसे जमा झाले. पाटल्या सुटल्या का?

तीन_आसनी

एक सुटली.

निवृत्त_लेजर

@माळ्यावरचा, कागद-पेन घेऊन बसलो होतो. २,४१२ बरोबर आहे, एक-दोन रुपये इकडे-तिकडे. मेहुण्यांचे पेढे रद्द. पण एक विचारतो, खरं सांगा. नोव्हेंबरात विम्याचे पैसे आल्यावर ते कर्जात भरलेत, ते तुमच्या मनाने?

माळ्यावरचा

मी तेव्हा गाडी बदलायचं म्हणत होतो. कार्ड बायकोकडे होतं. आणि रात्रपाळी ताई, बाबांना चालवून बघणारी, 'चालून ९२' लिहिणारीही तीच. अक्षर तिचं आहे.