सर्व्हे मध्येच का बंद होतो
पैसे देणाऱ्या ऑनलाइन सर्व्हेत दहा मिनिटं उत्तरं दिल्यावर ‘तुम्ही पात्र नाही’ असं येतं, ही फसवणूकच का, असा प्रश्न पडतो. दरवेळी नाही. सर्व्हे घेणाऱ्यांना ठरावीक वयाचे, ठरावीक वस्तू वापरणारे लोक हवे असतात. तो कोटा भरला की बाकीच्यांना बाहेर काढतात. म्हणून आधी प्रोफाइल नीट आणि खरं भरा. शिवाय तुम्ही नीट वाचताय का हे बघायला प्रश्नांच्या गर्दीत ‘इथे तिसरा पर्याय निवडा’ असं एखादं वाक्य मुद्दाम पेरलेलं असतं. घाईत माझ्याकडून ते सुटलं आणि अख्खा सर्व्हे बाद झाला, फार वाईट वाटलं. पैसे काढण्यासाठी लागणारी किमान रक्कम साठली की ते लगेच काढून घ्या. आणि कोणी नोंदणीसाठी पैसे किंवा बँकेचा ओटीपी मागितला, तर कृपा करून तिथूनच मागे फिरा.