१९५० च्या दशकातील इंग्लिश बरोचे आरोग्य अहवाल: जन्ममृत्यूचे दर आणि घरातील अपघात

प्रश्न (खाडीकाठ):
नमस्कार. समुद्रकाठच्या वर्दिंग या बरोच्या (स्वतःची नगरपालिका असलेल्या इंग्लिश गावाच्या) आरोग्य अधिकाऱ्याचे १९५० च्या दशकातले अहवाल मी वाचते आहे. मृत्युदर देशाच्या सरासरीहून चढा आणि जन्मदर उतरता दिसतो; मग दोन्ही दर एका गुणकाने गुणून पुन्हा दिलेले असतात. हा गुणक कशासाठी? शिवाय संसर्गजन्य रोगांच्या हिशेबाशेजारी घरातल्या अपघातांना जागा का दिली असावी?

उत्तर (जनगणक):
तो गुणक रजिस्ट्रार जनरलचे, म्हणजे देशातल्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे, कार्यालय ठरवून देत असे. वर्दिंगला निवृत्त माणसे राहायला येत, त्यामुळे तिथे दर हजारी मृत्यू जास्त आणि बाळंतपणाच्या वयाच्या स्त्रिया कमी. वयाचा हा फरक काढून टाकल्याशिवाय तरुण कामगारांच्या वस्तीशी त्याची तुलना करणे अन्यायाचे होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: शेजारच्या गावातल्या इस्पितळात जन्मलेले मूल आकडेवारीत आईच्या राहत्या बरोच्या खात्यावर धरले जाई. अर्भकमृत्यूचा दर जिवंत जन्मांच्या प्रमाणात काढतात. इंग्लंड-वेल्समध्ये तो १९५० साली हजारी सुमारे ३० होता, तो १९६० पर्यंत २२ च्या आसपास आला.

उत्तर (जुनेघर):
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. घटसर्पासारखे रोग लसीमुळे मागे हटले, तसे भाजणे आणि पडणे हे मृत्यू डोळ्यांत भरू लागले, आणि ते टाळता येण्याजोगे होते, म्हणूनच अधिकारी त्यांच्यावर इतके तळमळीने लिहीत असावेत. कोळशाच्या शेगडीवरच्या फळीवर आरसा असे. त्यात डोकावायला टाचा उंचावणाऱ्या मुलीच्या फ्लॅनेलेटच्या (मऊ, लवदार सुती कापडाच्या) रात्रीच्या झग्याचा घेर जाळावर येई आणि ते कापड क्षणात पेटे. १९५२ च्या कायद्याने विक्रीच्या गॅस, वीज आणि तेलाच्या शेगड्यांना जाळी सक्तीची केली, मुलींच्या रात्रीच्या झग्यांचे नियम मात्र १९६४ साली आले.

गॅसची गोष्ट वेगळी. तो कोळशापासून काढलेला, कार्बन मोनॉक्साइड असलेला गॅस होता. मीटरमध्ये नाणे टाकले की तेवढ्यापुरता गॅस मिळे; तो संपला की ज्योत विझे, तोटी तशीच उघडी राही, आणि नंतर कोणी नवे नाणे टाकले की न पेटलेला गॅस खोलीत भरे. ज्यांचे नाक वयामुळे मंदावले होते, अशा म्हाताऱ्यांना वास येत नसे. आमच्या घरात माडीवरच्या खोलीच्या कोपऱ्यात फरशीतून वर आलेले, तोंड बुजवलेले एक गॅसचे नळकांडे अजून आहे. ते पाहिले की मला हे सगळे आठवते.

खाडीकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. अपघातांच्या कोष्टकातल्या वयाच्या रकान्यांकडे मी लक्षच दिले नव्हते. जनगणक, अपघाती मृत्यूंच्या दरालाही वयाचा असा गुणक लावत का?

जनगणक:
तो गुणक सर्व कारणांच्या एकूण मृत्युदरासाठी असे. अपघातांचे आकडे लहान असतात, म्हणून दर काढण्याऐवजी पाच-सहा वर्षांची बेरीज करून वयोगटानुसार मांडा. आणि इजा होऊन वाचलेली माणसे तुमच्या कोष्टकात नसणार, कारण अशा अपघातांची नोंद करणे बंधनकारक नव्हते.