त्याच कंपनीत परत रुजू झाले, मग पेन्शनच्या रकान्यात शून्य का?

सातपूरकरीण:
फेब्रुवारी २००५ ते जून २०११ सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. जुळी झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, नोकरी सोडली. आता त्याच साहेबांनी बोलावून घेतलं. बेसिक ३२,०००. काल पीएफचं पासबुक उघडलं तर माझे ३,८४०, कंपनीचे ३,८४० आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य! शेजारच्या टेबलावरच्या दादांचे तिथे १,२५० पडतात. एचआरचा पोरगा म्हणतो, "मॅडम, तुम्ही न्यू जॉइनी." अहो, मला जुना टोकन नंबरसुद्धा परत दिलाय! जुनी सहा वर्षं, पुढची चार, दहा भरली की पेन्शन, असा माझा हिशोब. सोडल्यावर पीएफ काढला होता, हे खरं. पण पेन्शन कुठे गेली?

अंबडवाला:
कंपनी तीच असेल तर सर्व्हिस आपोआप जोडली जाते. लेखी तक्रार टाका, सोडू नका.

टाइम ऑफिसवाले काका:
तक्रार जरा थांबवा. कंपनी तीच की दुसरी, याला पेन्शनमध्ये काडीचं महत्त्व नाही. ताई, पीएफ निघतो १९ नंबरच्या फॉर्मवर, पेन्शन १०-सी वर. दहा वर्षांच्या आत सोडलं की १०-सी मध्ये दोन वाटा: पैसे घ्या, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे जुनी सर्व्हिस पुढे जोडायचा दाखला. सर्टिफिकेट असेल तर तुमची सहा वर्षं शाबूत आहेत, आजचा पगार कितीही असो. पैसे घेतले असतील तर सभासदत्व तिथेच संपलं. आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर नव्याने येणाऱ्याचं बेसिक-डीए १५,००० च्या वर असेल, तर त्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. आम्ही दोन्ही फॉर्म एकाच टाचणीत लावून सही घ्यायचो. वाचतंय कोण! जुनं बँक पासबुक शोधा. तेव्हा पगाराची मर्यादा ६,५००, सहा वर्षांचा गुणक ६.४०. म्हणजे ४१,६०० ची एंट्री दिसते का बघा.

सातपूरकरीण:
काका, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं. पीएफ जमा झाल्यावर चार दिवसांनी ४१,६००. अगदी तोच आकडा. त्याच्याखाली ३८,००० काढलेत, स्कूटीसाठी. मी तर तो पीएफचाच दुसरा हप्ता समजले होते. म्हणजे पोरगा बरोबर निघाला. मग ते १,२५० बुडाले का?

टाइम ऑफिसवाले काका:
बुडतील कसे? कंपनीचे ३,८४० पूर्ण तुमच्याच पीएफमध्ये जातायत, व्याजासकट. दादांचं बेसिकही तुमच्याइतकंच असेल, तर पेन्शनचे १,२५० वजा जाऊन त्यांचे तिथे २,५९० च पडतात, विचारा त्यांना. फक्त रुजू होताना भरलेला फॉर्म ११ एकदा बघून घ्या. त्यात आधी पेन्शनचे सभासद होता का, असा प्रश्न आहे. तिथे नुसतंच "हो" असेल तर पैसे काढून घेतल्याचं एचआरला लेखी द्या. नाहीतर उद्या कोणी १,२५० पेन्शनकडे वळते करील आणि पुढे क्लेम अडकेल.

अंबडवाला:
माझं उत्तर मागे घेतो. स्कूटी चालतेय का अजून?

सातपूरकरीण:
किक मारावी लागते.