मदत हवी आहे : दीपगृहाच्या जुन्या खिडक्या

मंडळी, समुद्रकाठच्या एका जुन्या दीपगृहाच्या जिन्यावरच्या लाकडी खिडक्या दुरुस्त करायचं काम हाती घेतलंय. वरच्या दिव्याच्या खोलीच्या काचांना हात लावत नाही, ते वेगळंच प्रकरण.

चौकटी वरून ठणठणीत दिसतात, पण खालच्या आडव्या पट्टीत पटाशी लोण्यासारखी घुसते. आधी कुणीतरी लोखंडी स्क्रू मारलेत. खाऱ्या हवेत ते गंजून फुगले आणि लाकूड चिरलं. पितळी वापरावेत, तर खारं वारं त्यातलं जस्त खातं म्हणतात. मग ब्राँझचेच घ्यावेत का?

दुसरं, तावदानं जुनी, किंचित लहरी आहेत. ती फोडायची नाहीत. दगडासारखी झालेली लांबी (काच बसवायची पुट्टी) काच न तडकता कशी मऊ करावी? हीट गनची (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राची) भीती वाटते, कारण काच तर आहेच, शिवाय जुन्या रंगात शिसं असणार. म्हणून कोरडं घासणंही बंद ठेवलंय.

नवी लांबी जवसाच्या तेलाची भरणार आहे. सतत दमट हवेत तिच्यावर साय धरायला किती दिवस द्यावेत? आणि रंग लांबीच्या कडेपलीकडे काचेवर २ मिमीपर्यंत चढवला तर पाणी खरंच अडतं का? स्वतः केलेल्यांनी सांगा. ‘अॅल्युमिनियम बसवा’ हा सल्ला मिळून झालाय!