पायडबने जात्यावरच्या ओव्या सुट्या करायच्या आहेत, मदत हवी

मंडळी, आजी आणि तिच्या जावांच्या जात्यावरच्या ओव्या काकाने कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. त्या आता वेव्ह फाइलमध्ये घेतल्यात (44,100 हर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ). एकेक बाजू 45 मिनिटांची. प्रत्येक ओवीची वेगळी फाइल हवी, म्हणून पायथनची पायडब लायब्ररी धरली. मिलिसेकंद देऊन तुकडा कापणं छान जमतं. घोडं अडतंय ते शांततेवरून आपोआप कापण्यात.

पायडबचं स्प्लिट_ऑन_सायलेन्स (शांतता दिसेल तिथे कापणारं फंक्शन) जसंच्या तसं चालवलं तर रिकामी यादी येते. त्याची ठरलेली मर्यादा (त्याखालचं सगळं शांतता) उणे 16 डेसिबल आणि आमचं रेकॉर्डिंग बारीक आवाजाचं, म्हणजे अख्खी आजी त्याच्या लेखी शांतता! मर्यादा उणे 40 वर नेली तर पूर्ण बाजू एकच तुकडा होते. ओवी थांबते, जातं कुठे थांबतंय? आणि मला ती घरघर पुसायची नाही, ती हवीच आहे. शिवाय 4 जीबीचा लॅपटॉप मध्येच गळपटतो.

प्रतिसाद

शोधायला एक प्रत घ्या आणि कापायला मूळ फाइल ठेवा. प्रतीवर हाय पास फिल्टर (खालचे, खर्जातले आवाज छाटणारा) लावा, 300 हर्ट्झच्या आसपास. घरघरीचा बराच भाग त्याखाली जातो. पायडबचा स्वतःचा फिल्टर सौम्य आहे आणि भयंकर हळू. सायपाय (पायथनची गणिती लायब्ररी) टाकून पायडब.सायपाय_इफेक्ट्स वापरा. मग त्या प्रतीवर डिटेक्ट_नॉनसायलेंट चालवा. ते आवाज काढत नाही, फक्त सुरुवात आणि शेवटाचे मिलिसेकंद देतं. तेच आकडे मूळ फाइलला लावा.

मर्यादा ठोकून देऊ नका, प्रतीच्या सरासरी डीबीएफएसमधून (पायडब देते ती आवाजाची पातळी, डेसिबलमध्ये) 10-12 वजा करून बघा. चरणाशी बाया श्वास घेतात, तिथे तुकडा पडायला नको. किमान शांतता दीड-दोन सेकंद ठेवा.

मेमरीचं म्हणाल तर पायडब सगळी फाइल आत घेते, 45 मिनिटांचे साधारण 475 एमबी, आणि प्रत्येक बदलाला नवी प्रत बनते. शोधायची प्रत आधी मोनो (दोनाऐवजी एकच चॅनेल) करा, निम्मं ओझं उतरेल.

धागाकर्ती

बऱ्याच ओव्या सुटल्या, आभार! पण काही ठिकाणी दोन ओव्या चिकटूनच येतात. ऐकलं तर मध्ये बांगड्या वाजतायत. खुंटा फिरवताना वाजणारच.

प्रतिसाद

मग वरूनही छाटा. त्याच प्रतीवर 3,000 हर्ट्झचा लो पास (त्यावरचे आवाज छाटणारा फिल्टर) लावा. उरल्या त्या ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) हाताने कापा.