पहिली क्रूझ : पैसे कशावर घालावेत? केबिन, जहाज की मार्ग?

पाऊलवाट :
नमस्कार. आई-बाबांना घेऊन सात रात्रींची क्रूझ करायचं पक्कं होत आलंय. आम्ही चौघं : आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे, आईचा गुडघा दुखतो, जिने फार जपून चढते), मी आणि माझी बारा वर्षांची लेक. जहाजावर आजवर कोणीच राहिलेलं नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ ठरलाय. दोन आठवडे माहितीपत्रकं वाचतेय आणि प्रत्येक जहाजावर सगळंच उत्तम आहे असं दिसतंय. मला सोयींची यादी नकोय. तुम्ही जाऊन आलात, सहा महिने उलटले, आता कशाचं मोल वाटतं ते सांगा. बजेट ठरलेलं आहे, एकीकडे वाढवलं तर दुसरीकडून काढावं लागेल. बाल्कनीची केबिन घेऊ, मोठं जहाज बघू, की जास्त बंदरं असलेला मार्ग?

दीपस्तंभ :
चार क्रूझ झाल्यात, त्यामुळे ठामपणे सांगतो : मार्ग. पण बंदरांची संख्या मोजू नका, तास मोजा.

माहितीपत्रकात 'रोम' लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तरएक किलोमीटर. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून साधारण ९० किलोमीटर. जहाज सकाळी ८ ला लागून संध्याकाळी ६ ला सुटणार असेल तर तुमच्या हातात दहा तास नसतात. उतरायला वेळ, जायला दीड तास, यायला दीड तास, आणि सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी परत चढलेलं असावं लागतं. शहरात पाच तास मिळाले तरी खूप, आणि तेही सत्तरीतल्या माणसांनी बसमधून उतरल्या उतरल्या चालायचे.

याउलट माल्टाची राजधानी व्हॅलेटा. जहाज तटबंदीच्या पायथ्याशीच लागतं. बाराक्का लिफ्ट ५८ मीटर उंच आहे, ती थेट वरच्या बागेत सोडते आणि गाव समोरच. आईंच्या गुडघ्याला हे झेपेल. माँटेनेग्रोतल्या कोटोरलाही जुनं गाव धक्क्यासमोरच आहे.

व्हेनिस असेल तर नीट चौकशी करा. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरातल्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. नाव व्हेनिसचं आणि जहाज रावेन्नाला, असंही होतं. मग प्रवासाचा पहिला दिवस बसमध्येच जातो.

आणि 'टेंडर' हा शब्द शोधा. सांतोरिनी या ग्रीक बेटाला मोठ्या जहाजासाठी धक्का नाही. जहाज बाहेर थांबतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. वर जायला केबल कार, नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. केबल कारची रांग उन्हात लांबच लांब असते. समुद्र खवळला तर ते बंदर रद्दही होतं. जागा अप्रतिम आहे, पण आईंना विचारून ठरवा.

मधला_डेक :
मार्गाबद्दल सहमत. केबिनबद्दल एवढंच, की प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची.

जहाज लांबीच्या दिशेनं झुलतं तेव्हा सी-सॉसारखं असतं. दोन्ही टोकं वर-खाली होतात, मधोमध सगळ्यात कमी. आडवं डुलणं जितकं वर जाल तितकं जास्त जाणवतं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते हे आडवं डुलणं आवरतात, लांबीचं नाही. म्हणून बोट लागण्याची भीती असेल तर खालच्या डेकवर, मधोमध. वरच्या टोकाच्या महागड्या केबिनपेक्षा तिथे झोप चांगली लागते.

दुसरं, बुकिंगआधी डेकचा नकाशा उघडा आणि तुमच्या केबिनच्या वरच्या-खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. दोन्हीकडे केबिनच असाव्यात. आमच्या डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक होता. पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज यायचा, सातही दिवस. बाल्कनी होती, पण झोप नव्हती.

पाऊलवाट :
खूप आभार. नकाशा बघायचं सुचलंच नव्हतं. लेकीला मोठं जहाज हवंय, घसरगुंड्या आणि बर्फावरचं स्केटिंग असलेलं. गर्दीची भीती वाटते. मोठं म्हणजे नेमकं किती मोठं?

खारा_वारा :
उदाहरणादाखल २०२४ पासून फिरणारं 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या. लांबी ३६५ मीटर, २० डेक, ग्रॉस टनेज २,४८,६६३. केबिनमागे दोन माणसं धरली तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००.

पण नुसत्या प्रवाशांच्या आकड्यावरून गर्दी कळत नाही. ग्रॉस टनेज हे वजन नाही, जहाजाच्या आतल्या एकूण जागेवरून काढलेलं माप आहे. त्याला प्रवासीसंख्येनं भागा (केबिनमागे दोन धरून), माणशी किती जागा येते त्याचा अंदाज मिळतो. या जहाजाचं उत्तर येतं साधारण ४४. तुमच्या यादीतल्या प्रत्येक जहाजाचा हा भागाकार करा. आकडा ३० च्या आसपास असेल तर लिफ्टसमोर आणि जेवणघरात दाटी जाणवते. ही मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती आहे, दोन मिनिटांत होते.

आईंसाठी मात्र लांबी बघा. केबिन एका टोकाला आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला असेल तर दिवसातून तीन वेळा तेवढं चालणं होतं. लिफ्टजवळची केबिन मागा. बारा वर्षांच्या मुलांना मोठ्या जहाजावर बरोबरीची मुलं मिळतात आणि तुम्हाला मोकळा वेळ, हेही खरंच.

सुटीचे_दिवस :
मला विचाराल तर मोल सामान एकदाच उघडण्याचं. बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर वर्षभरानं गेलो होतो. दर दोन दिवसांनी हॉटेल बदलायचं, बॅगा भरायच्या, हे त्यांना जमलं नसतं. इथे कपडे एकदा कपाटात लागले आणि गावं आपण होऊन खिडकीशी आली.

सगळ्यात आठवतो तो कुठेही न थांबलेला, नुसत्या समुद्राचा दिवस. घरी आम्ही एकत्र असतो तेव्हाही कोणीतरी उठून कुठेतरी निघालेलं असतं. त्या दिवशी कोणालाच कुठे जायचं नव्हतं. बाबा मला त्यांच्या पहिल्या नोकरीबद्दल बोलले, दोन तास, कधी न सांगितलेलं. म्हणून सातही दिवस बंदरं असलेला मार्ग घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. बंदराचा पायलट छोट्या बोटीतून आला होता आणि चालत्या जहाजाच्या अंगावर सोडलेल्या दोराच्या शिडीनं वर चढत होता. बंदरात शिरताना वाट दाखवायला तो येतो. आमचं सगळं जहाज झोपलेलं आणि हा माणूस लाटांवरून वर चढतोय. बाबा कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

दीपस्तंभ :
दोन गोष्टी राहिल्या. स्वतःच्या हिशोबानं फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजाच्याच सहलीला उशीर झाला तर थांबतं, किंवा पुढच्या बंदराला नेऊन सोडायची सोय ते करतात. लांबच्या शहराला जहाजाची सहल, जवळच्या गावाला आपले आपण. आणि हातात साधं घड्याळ ठेवा, जहाजाच्या वेळेला लावलेलं. माझा मोबाइल किनाऱ्यावर आपोआप तासभर मागे गेला होता. मी धावत पोचलो तेव्हा शिडी काढायला माणसं उभी होती.

दुसरी, सुरक्षा कवायत मनापासून करा. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज १३ जानेवारी २०१२ ला चिवितावेक्कियाहून निघालं आणि त्याच रात्री खडकावर आदळलं. तेव्हा कवायत २४ तासांत घ्यायचा नियम होता, म्हणून त्या दिवशी चढलेल्यांची झालेलीच नव्हती. ३२ माणसं गेली. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेतात. जमायची जागा आई-बाबांबरोबर एकदा चालून बघा.

मधला_डेक :
औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनपाशी पोचायला संध्याकाळ होते. आणि बोट लागण्याची गोळी बाबांच्या बाकीच्या औषधांबरोबर चालते का, ते निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

पाऊलवाट :
रात्री सगळा धागा घरात वाचून दाखवला. ठरलं : व्हॅलेटा असलेला, दोन दिवस नुसत्या समुद्राचे असलेला मार्ग. मधोमध, खालच्या डेकवर, लिफ्टजवळ दोन केबिन, खिडकीच्या, बाल्कनी नाही. भागाकार ४१ आला. सांतोरिनी सोडली, आईनं स्वतःच सांगितलं. लेकीला घसरगुंडी आहे, स्केटिंग नाही, आणि तिला ते चालणार आहे.

बाबांचा एकच प्रश्न आहे, तो पायलट किती वाजता चढतो आणि कुठून दिसतो?

सुटीचे_दिवस :
बहुतेकदा धक्क्याला लागायच्या तासभर आधी, बंदराप्रमाणे कमी-जास्त. वारा ज्या बाजूनं येतो त्याच्या उलट बाजूला शिडी सोडतात, कारण तिथे पाणी शांत असतं. कठड्याला गार वारा असतो, बाबांना स्वेटर घालूनच घेऊन जा.